जुनी चित्रफीत आणि नवा दूरचित्रवाणी संच

दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून वसलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील इंदरगंज असो वा आपले मडगाव, मराठी घराच्या कपाटात लग्नामुंजीची एखादी व्हीएचएस चित्रफीत आजही असते. व्हीसीआरही चालू स्थितीत असतो. अडचण येते ती नव्या संचाशी जोडणी करताना.

व्हीसीआरच्या मागे तीन रंगांची छिद्रे असतात. पिवळ्यातून चित्र येते, पांढऱ्या व लाल छिद्रांतून डाव्या-उजव्या बाजूचा ध्वनी. तार नेहमी व्हीसीआरच्या ‘आउट’मधून संचाच्या ‘इन’मध्ये जावी. अनेक नव्या संचांवर ही तीन छिद्रे नसून ‘एव्ही इन’ असे लिहिलेले एकच बारीक छिद्र असते. त्याची जोडतार संचाच्या खोक्यातच मिळते. ती फेकू नये. बाजारातील दुसऱ्या तारेत रंगांचा क्रम वेगळा असू शकतो. चित्राऐवजी घरघर ऐकू आली तर पिवळा व लाल खुंट अदलाबदल करून पाहावेत. काही संचांत पिवळ्या व हिरव्या तारेसाठी एकच छिद्र असते. तेथे चित्र कृष्णधवल दिसले, तर रिमोटवरून ‘कंपोनंट’ऐवजी ‘एव्ही’ निवडावे. दोष फितीचा नसतो.

संचावर केवळ एचडीएमआय असेल तर रूपांतरक लागतो, आणि फसगत येथेच होते. ‘एव्ही ते एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय ते एव्ही’ या डब्या दिसायला सारख्याच, काम मात्र उलट. आपल्याला पहिली हवी. तिला बहुधा पाच व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो. रूपांतरकाने चित्र दिसू लागते, पण मूळ फितीहून स्पष्ट होत नाही. विक्रेत्याने काहीही सांगितले तरी.

साउंडबार जोडायचा असल्यास ‘एआरसी’ असे लिहिलेलेच एचडीएमआय छिद्र वापरावे. संचातला आवाज परत बाहेर धाडण्याची ही सोय २००९ च्या १.४ आवृत्तीपासून आली. शेजारच्या साध्या छिद्रातून तो येणार नाही. जुना अ‍ॅम्प्लिफायर ऑप्टिकल तारेने जोडूनही मुका राहिला, तर संचाच्या ध्वनी-मांडणीत ‘पीसीएम’ निवडावे. ब्लूटूथने तारा वाचतात. मात्र ओठ आणि शब्द यांत अंतर पडू शकते.

जोडणीपूर्वी फीत मात्र उजेडात धरून पाहावी. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा आपल्या दमट पावसाळ्याचे भय फितीला अधिक. गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसल्यास ती बुरशी समजावी आणि फीत व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी यंत्राच्या शिरांना लागते, तेथून दुसऱ्या फितीला. अशी फीत जाणकाराकडून स्वच्छ करवून घ्यावी आणि पहिल्यांदा चालवतानाच तिची अंकीय प्रत उतरवून ठेवावी. दुसऱ्यांदा ती चालेलच असे नाही.