पिशवीचं बूड

इतिहासात तलवारींची, नाण्यांची नोंद होते. पिशवीची सहसा कुणी घेत नाही. पण माणसानं ओझं कसं वाहिलं, हे समजून घ्यायचं तर पिशवीच्या बुडाकडे पाहावं.

आपल्याकडची जुनी साधनं आठवा. खांद्याची झोळी, पुढेमागे लोंबणारी पडशी, डोक्यावरचं गाठोडं, पानसुपारीची चंची. यांतल्या एकालाही सपाट बूड नाही. गरजच नव्हती, कारण ओझं अंगावर असायचं. पुढे प्रवासाची रीत बदलली. अंबाजोगाई तालुक्यातलं आमचं घाटनांदूर घ्या. परळी वैजनाथ ते लातूर रोड या लोहमार्गावरचं हे स्टेशन. गाडीत बसणाऱ्याला सामान बाकाखाली ठेवायचं असतं. तिथं ज्वारीचं पीठ, गूळ, तेलाची बाटली घेऊन जी स्वतः उभी राहील, तीच पिशवी कामाची.

कागदी पिशवीलाही हीच अडचण होती. ती पाकिटासारखी चपटी असायची. अमेरिकेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या मार्गारेट नाइट या बाईंनी सपाट बुडाची पिशवी घडवणारं यंत्र तयार केलं. त्यांची कल्पना दुसऱ्यानंच आपल्या नावावर करू पाहिली. बाई भांडल्या, जिंकल्या आणि 1871 साली त्यांना पेटंट मिळालं.

आपल्या शिंप्यांनी हेच कापडात केलं, तेही यंत्राच्या पेटंटाविना. रीत सोपी आहे. पिशवी उलटी करून दोन्ही बाजू आणि खालची कड शिवायची. मग खालचा कोपरा असा चिमटायचा, की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बसेल. टोकापासून तीन इंचांवर आडवी टीप मारली, की सहा इंच रुंदीचं बूड मिळतं. दुसरा कोपराही तसाच. आत जुन्या पँटच्या कापडाचा दुहेरी तुकडा घालायचा. बंद मात्र नुसते काठाला जोडायचे नाहीत. ते बुडाखालून फिरवून घ्यायचे, म्हणजे भार शिवणीवर न येता पट्टीवर येतो.

मग प्लॅस्टिक आलं. स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीला 1965 मध्ये बंदासह एकसंध पिशवीचं पेटंट मिळालं. तिला ना शिवण, ना बूड. फुकट मिळायची म्हणून फेकलीही जायची. 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या प्रलयात गटारं तुंबण्याच्या कारणांत या पिशव्यांचं नाव आलं. 2006 मध्ये राज्यानं पन्नास मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. 23 मार्च 2018 रोजी व्यापक बंदीची अधिसूचना निघाली.

पण नुसत्या बंदीनं भागत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 मध्येच एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या सुती पिशवीचा हवामानावरचा भार प्लॅस्टिकच्या पातळीवर आणायचा, तर ती किमान बावन्न वेळा वापरावी लागते, असं त्यात आढळलं. इतर परिणामही धरले, तर हा आकडा हजारांत जातो. म्हणजे समारंभात वाटलेली, दोन किलो बटाट्यांनी उसवणारी पातळ पिशवी नावाचीच पर्यावरणपूरक!

आपला मराठवाडा कापसाचा मुलूख. कापूस पिकवायला किती पाणी आणि घाम लागतो, हे आपल्याला सांगायला नको. तेव्हा पुढच्या वेळी पिशवी घेताना तिच्यावर छापलेलं घोषवाक्य वाचू नका. ती उलटी करा आणि बुडाची टीप दुहेरी आहे का, तेवढं बघा.