माणिक चौक, रावलापाणी आणि जगाचा इन्साफ

9 सप्टेंबर 1942. दुसरे महायुद्ध चालू होते आणि देशभर 'चले जाव'ची हाक घुमत होती. नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा शहीद झाले. शिरीषकुमार अवघा 15 वर्षांचा होता. सहा महिन्यांच्या आत, 2 मार्च 1943 रोजी, तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे आदिवासींवर गोळीबार झाला. गुलाम महाराजांनी त्यांना दारू सोडायला शिकवले होते. त्यांच्या पश्चात बंधू रामदास महाराज ते कार्य चालवीत होते. निःशस्त्र भाविकांचा जमावही सरकारला सहन झाला नाही.

या गोळ्यांचा जाब कोणत्या अदालतीत विचारायचा होता? तशी अदालतच नव्हती. हुकूमतीने आपल्या रयतेला मारले, तर तो तिचा घरचा मामला समजला जाई.

महायुद्धानंतर हा समज बदलू लागला. 1948 मध्ये वंशसंहारविरोधी करार झाला. तो गुन्हा घडल्यावर शिक्षा देणे आणि घडण्याआधी रोखणे, ही दोन्ही कर्तव्ये त्याने राष्ट्रांवर टाकली. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने युद्धकाळात सामान्य नागरिकांना संरक्षण दिले. लढाईत स्त्रिया, मुले व वृद्धांना हात लावू नका, ही हजरत अबू बकर (रजि.) यांची लष्कराला ताकीद आम्ही जाणतोच. आता जगाच्या कायद्यातही तशी कलमे आली.

परंतु कलमे आपोआप धावून येत नाहीत. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा संयुक्त राष्ट्रांनी 1993 मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केले होते. तेथे शांतिसैनिकही होते. तरी जुलै 1995 मध्ये सुमारे 8000 मुस्लिम पुरुष व मुले मारली गेली. सर्बियाने हा वंशसंहार रोखण्याचे कर्तव्य पाळले नाही, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2007 मध्ये म्हटले. सेनापती म्लादिच याला जन्मठेप झाली ती 2017 मध्ये. इन्साफ आला, पण दफनविधी उरकल्यावर.

इथे आम्ही स्वतःलाही विचारले पाहिजे. सुदानच्या दारफूरमध्ये 2003 पासून मारले गेलेले मुसलमान होते आणि मारणारेही मुसलमानच. राष्ट्राध्यक्ष उमर अल-बशीर यांच्यावर 2009 मध्ये अटक वॉरंट निघाले. त्यानंतरही इजिप्त आणि सौदी अरेबियाने त्यांचा पाहुणचार केला. गाझासाठी आमचे डोळे भरतात, ते रास्तच आहे. मग दारफूरसाठी ते कोरडे का राहावेत? मजलूमाची जात आणि मजहब विचारून जो रडतो, त्याच्या मागणीला वजन राहत नाही.

भारताने 1960 मध्ये जिनिव्हा करारांसाठी कायदा केला. मात्र आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या 1998 च्या रोम करारावर सही केली नाही. शिरीषकुमार आणि रावलापाणीच्या मातीतले नागरिक म्हणून त्या सहीची मागणी आम्ही केली पाहिजे. कत्तल सुरू होण्याआधी राष्ट्रांनी हात धरावा, हा आग्रहही आमचाच असायला हवा.