परीक्षेतील विषय आले कोठून?

सेलू हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवती कापसाची शेती, आणि तालुक्यातच हिंगणीजवळ बोर नदीवरचे धरण. येथील एखादा विद्यार्थी यांत्रिकी अभियंता होऊन सरकारी सेवेच्या परीक्षेला बसायचे ठरवतो, तेव्हा त्याच्या हाती विषयांची लांबलचक यादी पडते. ऊष्मागतिकी, द्रवयांत्रिकी, प्रशीतन व वातानुकूलन, यंत्रघटकांची रचना, उत्पादन, देखभाल... तो ती पाठ करू लागतो. हे विषय यादीत का आले, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

आम्हाला वाटते की ही यादी इतिहास म्हणूनही वाचता येते. राज्यकर्त्यांना ज्या कामाची निकड भासली, त्या कामाची परीक्षा सुरू झाली. ही निकड कळायला कधी कधी फार मोठी किंमत मोजावी लागली.

सुरुवात पुण्यापासून करू. तेथे 1854 मध्ये अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, ते सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. रस्ते, पूल, कालवे ही त्या खात्याची कामे. साहजिकच शिक्षण आणि परीक्षा दोन्ही स्थापत्याभोवती फिरत. पुण्याच्या महाविद्यालयातून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1883 मध्ये एल.सी.ई. परीक्षेत पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. पहिल्या क्रमांकाला नोकरीची हमी असे. म्हणजे विद्यापीठाची परीक्षा हीच त्याच्यापुरती नोकरीची परीक्षा होती.

गंमत अशी की, स्थापत्याच्या या अभियंत्याचे एक गाजलेले काम यंत्राचे आहे. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की आपोआप उघडणारी आणि पूर ओसरला की मिटणारी धरणाची दारे त्यांनी योजली. ती 1903 मध्ये खडकवासल्याला बसवली गेली. धरण बांधले की दार आले, दार आले की तरफा, वजने, घर्षण आणि गंज आले. परीक्षेने घातलेली कुंपणे प्रत्यक्ष काम पाळत नाही.

यंत्राच्या परीक्षेचा रस्ता मात्र वेगळ्या बाजूने आला. कोलकात्यात 1863 मध्ये एका बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले, पण त्यांत एकवाक्यता नव्हती. ती आणण्यासाठी 1923 मध्ये भारतीय बॉयलर कायदा आला. बॉयलर तपासायचा तर तपासणाऱ्याला वाफेचा दाब, पत्र्याची जाडी आणि धातूची ताकद यांचे गणित यायला हवे. बॉयलर चालवणाऱ्यालाही आपले ज्ञान सिद्ध करून प्रमाणपत्र मिळवायला हवे. आज ऊष्मागतिकीच्या पुस्तकात वाफेचे कोष्टक कोरडे वाटते. त्या कोष्टकाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे मुलांना सांगितले तर ते तसे वाटणार नाही.

तिसरी परीक्षा माणसांची नव्हती, यंत्राची होती. अखिल भारतीय चरखा संघाने 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा: यंत्र हलके असावे आणि झोपडीत हाताने वा पायाने चालावे, बाईला ते आठ तास फार न थकता चालवता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, ते वीस वर्षे टिकावे, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. हे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे 1934 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली तेथे घाणी, कागद, दिवे यांवर प्रयोग झाले. त्या प्रयोगांमागचा प्रश्न चरख्याच्या अटींतलाच होता: गावात चालेल आणि गावात दुरुस्त होईल असे यंत्र कसे करावे?

या अटी पुन्हा वाचून पाहा. यंत्ररचना, श्रमाचा विचार, विश्वसनीयता, देखभालीचा खर्च हे सारे तीत आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत 2017 पासून जो अभ्यासक्रम लागू झाला, त्यात यांत्रिकी शाखेला ‘औद्योगिक व देखभाल अभियांत्रिकी’ हा भाग ठळकपणे दिलेला आहे. चरखा संघाने तो प्रश्न अठ्ठ्याऐंशी वर्षे आधी विचारला होता.

सरकारी सेवेतील यांत्रिकी अभियंत्याचा बराचसा दिवस नवे यंत्र घडवण्यात जात नाही. रुग्णालयातील प्राणवायूची नळी, कार्यालयाची लिफ्ट, पाणीपुरवठ्याचा पंप, कालव्याचे दार ही सगळी चालू ठेवणे हे त्याचे काम. ते नीट झाले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. झाले नाही तर एखाद्या गावाची नळयोजना एका बेअरिंगपायी उन्हाळाभर बंद राहते, आणि बायकांना हंडे घेऊन विहिरीवर जावे लागते. पाच-दहा गुणांचा म्हणून आपण सोडून देतो, तो प्रश्न हा असतो.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना जवळच्या जिनिंगमध्ये किंवा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात न्यावे. यंत्र कसे चालते हे तर विचारावेच. पण ते शेवटचे कधी बंद पडले, कशाने पडले आणि कोणी दुरुस्त केले, हेही विचारावे. मिळालेली उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि शेजारी परीक्षेच्या यादीतला विषय लिहावा. बहुतेक सगळी यादी त्या एका पंपघरात सापडेल.