प्रयोगशाळेतील बाजार : प्रायोगिक वित्तशास्त्राच्या इतिहासातील दोन विरोधी निष्कर्ष

प्रस्तावना :

अर्थशास्त्र हे निरीक्षणाचे शास्त्र आहे, प्रयोगाचे नव्हे, ही धारणा दीर्घकाळ रूढ होती. मानवी व्यवहारांच्या शास्त्रांत निर्णायक प्रयोग करता येत नाही, असे प्रतिपादन जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८३६ मधील निबंधात केले होते. सॅम्युएलसन व नॉर्डहॉस यांच्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या १९८५ च्या आवृत्तीतही अर्थशास्त्रज्ञाची तुलना खगोलशास्त्रज्ञाशी केलेली आढळते. दोघांनीही केवळ पाहावे, हात लावू नये. वस्तुतः तोपर्यंत अमेरिकेतील विद्यापीठांत वर्गखोलीतच बाजार भरवून त्याचा अभ्यास करण्यास तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

२००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक डॅनियल काहनेमन आणि व्हर्नन स्मिथ यांना विभागून मिळाले. त्यानंतर ‘मनुष्य आर्थिक निर्णय विवेकाने घेत नाही हे या दोघांनी सिद्ध केले’ अशा एकाच वाक्यात हा विषय उरकण्याचा प्रघात पडला. काहनेमन यांच्याबाबत हे विधान काही अंशी ग्राह्य धरता येईल. स्मिथ यांच्याबाबत मात्र ते जवळजवळ उलटे आहे. त्यांच्या प्रयोगांचा इतिहास पाहिल्यास प्रश्न माणसाच्या विवेकाइतकाच बाजाराच्या नियमांचा आणि विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या स्वरूपाचा आहे, हे लक्षात येते.

हार्वर्ड ते पर्ड्यू :

या परंपरेचा आरंभ हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड चेंबरलिन यांच्या वर्गात झाला. मक्तेदारीयुक्त स्पर्धेच्या सिद्धांतामुळे ते १९३३ पासूनच ख्यातनाम होते. पूर्ण स्पर्धेचे चित्र वास्तवाशी जुळत नाही, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी त्यांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. ग्राहकाच्या चिठ्ठीवर तो देऊ शकेल अशी कमाल किंमत, तर विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याला परवडणारी किमान किंमत लिहिलेली असे. विद्यार्थी वर्गात फिरून, जो भेटेल त्याच्याशी घासाघीस करीत व सौदा उरकून मोकळे होत. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात अशा ४६ प्रयोगांची नोंद आहे. त्यांपैकी ४२ प्रयोगांत समतोल पातळीपेक्षा अधिक सौदे झाले. ज्या विक्रेत्याचा खर्च जास्त म्हणून तो बाजाराबाहेर राहायला हवा होता, त्यालाही कोपऱ्यात एखादा भरपूर पैसे मोजणारा ग्राहक गाठ पडत होता. पुरवठा व मागणीचे वक्र फळ्यावर जेथे छेदतात तेथे खरा बाजार पोहोचत नाही, हा चेंबरलिन यांचा निष्कर्ष होता.

या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक व्हर्नन स्मिथ. १९२७ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे जन्मलेले स्मिथ मूळचे विद्युत अभियंते. त्या वेळी त्यांना हा प्रयोग फारसा महत्त्वाचा वाटला नाही. पुढे पर्ड्यू विद्यापीठात अध्यापक झाल्यावर, १९५५ मधील एका निद्राहीन रात्री, प्रयोगाची कल्पना चांगली असून मांडणी सदोष असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी दोन बदल केले. पहिला म्हणजे खाजगी घासाघीस बंद करून प्रत्येक बोली सर्वांसमक्ष पुकारायची. ग्राहक आपली किंमत चढवीत जातील, विक्रेते उतरवीत येतील व दोन्ही जेथे भेटतील तेथे सौदा होईल. याला दुहेरी लिलाव म्हणतात. मुंबई शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणकीय व्यवहार सुरू होईपर्यंत ‘रिंग’मध्ये आरोळ्यांनी जे सौदे होत, ते याच जातकुळीचे. दुसरा बदल म्हणजे त्याच मंडळींनी तोच बाजार अनेक फेऱ्यांत पुन्हा खेळायचा, जेणेकरून आधीच्या फेरीतील किमतींचा अनुभव गाठीशी राहील.

जानेवारी १९५६ मध्ये पहिला प्रयोग झाला. इतरांच्या चिठ्ठ्यांवर काय आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते. विद्यार्थी तर अर्थशास्त्राची प्राथमिक तोंडओळख करून घेत होते. तरीही काही फेऱ्यांतच किंमत सैद्धांतिक समतोलाच्या अगदी निकट येऊन स्थिरावली. हे निष्कर्ष प्रसिद्ध होण्यास १९६२ साल उजाडले. चेंबरलिन यांनी जो सिद्धांत खोडून काढण्यासाठी प्रयोग योजला, तो त्यांच्याच शिष्याने केवळ नियम बदलून सिद्ध करून दाखविला!

या निष्कर्षाला धनंजय गोडे व श्याम सुंदर यांनी १९९३ मध्ये टोकाला नेले. त्यांनी माणसांच्या जागी संगणकीय आज्ञावल्या बसविल्या. या आज्ञावल्या स्वैर बोली लावीत. त्यांना बंधन एवढेच की तोट्यात सौदा करायचा नाही. या ‘शून्य बुद्धिमत्ते’च्या व्यापाऱ्यांनीही संभाव्य एकूण लाभापैकी जवळजवळ सर्व लाभ पदरात पाडला. बाजाराची कार्यक्षमता व्यक्तीच्या बुद्धीपेक्षा व्यवहाराच्या नियमांतून येऊ शकते, याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

कॉफीचे मग :

काहनेमन, क्नेच व थेलर यांचा १९९० मधील अभ्यास या संदर्भात विशेष बोलका आहे. कॉर्नेल विद्यापीठातील ४४ विद्यार्थ्यांनी प्रथम स्मिथ यांच्या पद्धतीने ठरावीक मूल्याच्या टोकनांचा व्यवहार केला व बाजार सिद्धांतानुसार चालला. त्यानंतर त्यांपैकी २२ जणांना कॉफीचे मग देण्यात आले. मग वाटताना आवडनिवड पाहिली नसल्याने सुमारे ११ मगांची अदलाबदल अपेक्षित होती. चार फेऱ्यांत ती अनुक्रमे ४, १, २ व २ एवढीच झाली. विकणाऱ्यांची मध्यम मागणी ५.२५ डॉलर, तर घेणाऱ्यांची तयारी तिच्या निम्म्याच्या आसपास. काहनेमन व ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली, लाभाच्या सुखापेक्षा हानीचे दुःख तीव्र असते ही कल्पना येथे प्रत्यक्ष उतरलेली दिसते. मात्र माणसे तीच, खोली तीच आणि नियमही तेच असताना टोकनांच्या बाजारात ही विसंगती आली नव्हती, ही बाब पुष्कळदा सांगायची राहून जाते.

शेअरचा फुगा :

स्मिथ यांना सर्वांत मोठा धक्का दिला तो त्यांच्याच प्रयोगशाळेने. जेरी सुचानेक व आर्लिंग्टन विल्यम्स यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वस्तूऐवजी शेअर होता. एका प्रमुख मांडणीत या शेअरचे आयुष्य १५ फेऱ्यांचे होते. प्रत्येक फेरीअखेर ०, ८, २८ किंवा ६० सेंट यांपैकी एक लाभांश समान शक्यतेने मिळणार, म्हणजे सरासरी २४ सेंट. अखेरीस शेअरची किंमत शून्य. त्यामुळे आरंभी त्याचे आंतरिक मूल्य ३.६० डॉलर असून ते दर फेरीस २४ सेंटनी घटणार, हे गणित कोणालाही करता येण्याजोगे होते. शिवाय माहिती सर्वांना सारखीच होती. मतभेदाला, अफवेला वा आतल्या गोटातील बातमीला वावच ठेवला नव्हता.

तरीही २२ पैकी १४ प्रयोगांत फुगा निर्माण होऊन फुटला. किंमत प्रथम आंतरिक मूल्याच्या खाली असे, मग त्याला ओलांडून वर जाई, मूल्य घटत असतानाही वरच राही आणि शेवटच्या काही फेऱ्यांत कोसळे. त्याच व्यक्तींना दुसऱ्यांदा बोलाविले असता फुगा लहान होई. तिसऱ्या वेळी किंमत बहुधा मूल्याच्या जवळ येई. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेतील डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला होता. साहजिकच या प्रबंधाकडे केवळ प्राध्यापकांचेच लक्ष गेले नाही.

विद्यार्थ्यांना बाजार कळत नाही म्हणून असे घडते, हा आक्षेप अपेक्षितच होता. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील प्रयोगांत व्यावसायिक मंडळींना बसविले, तेव्हाही फुगा आला. हाती नसलेले शेअर विकण्याची मुभा दिल्याने तो थांबला नाही. धोरणदृष्ट्या महत्त्वाचे म्हणजे किमतीच्या चढउतारावर मर्यादा घातली, ज्याला शेअर बाजारात ‘सर्किट’ म्हणतात, तेव्हा फुगा आटोक्यात येण्याऐवजी अधिक काळ टिकला. घसरण ठरावीक मर्यादेपलीकडे जाणार नाही ही खात्री खरेदीदाराला धीर देत असावी, असे त्याचे स्पष्टीकरण संभवते.

पुढील काळात प्रयोगाची सूत्रे इतरांच्या हाती गेली. सहापैकी केवळ दोन व्यापारी अनुभवी असले तरी फुगा ओसरतो, असे २००५ मध्ये आढळले. मात्र २००८ मधील हुसाम, पोर्टर व स्मिथ यांच्या प्रयोगात लाभांशाची व रोकडीची परिस्थिती बदलताच अनुभवी मंडळींनीही पुन्हा फुगा निर्माण केला. अनुभव हा विशिष्ट परिस्थितीचा असतो, हे यातून दिसते. गुंतवणूकदार प्रबोधनावर भिस्त ठेवणाऱ्या नियामकांसाठी ही बाब अडचणीची आहे.

२०१२ मधील कर्चलर, ह्युबर व स्टॉकल यांचा प्रयोग दिसायला अगदी साधा होता. त्यांनी मांडणी पूर्वीचीच ठेवली. फक्त ‘शेअर’ या शब्दाऐवजी ‘संपत जाणाऱ्या सोन्याच्या खाणीचा शेअर’ असे शब्द वापरले. खाणीतील सोने संपत जाते, म्हणून शेअरचे मूल्यही घटत जाणार, हे सहभागी व्यक्तींना उमगले आणि फुगा लक्षणीयरीत्या ओसरला. १९८८ च्या फुग्यात हाव किती आणि नुसता गोंधळ किती, हा वाद या प्रयोगानंतर पुन्हा खुला झाला.