टीव्हीच्या झाकणाआडचा खटका

25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ सुरू झाले. पुढच्याच एका रविवारी शेजारच्या ओसरीवर सारी आळी जमलेली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! अँटेना चारी दिशांना फिरवून झाला. शेवटी आपल्या विज्ञानाच्या सरांना बोलावले. सरांनी बटणांखालचे झाकण उघडले, नखाने एक बारीक खटका सरकवला आणि चित्र आले.

खटक्यापाशी I, III आणि U अशी अक्षरे होती. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात त्यांचा अर्थ उलगडला. नागपूर आकाशवाणी मीडियम वेव्हवर आणि सिलोन शॉर्ट वेव्हवर, तसेच टीव्हीचेही पट्टे असतात. पहिला 47 ते 68 मेगाहर्ट्झ, तिसरा 174 ते 230 आणि यूएचएफ 470 च्या पुढे. ट्यूनरमधला ऑसिलेटर चॅनेलच्या चित्रलहरीपेक्षा 38.9 मेगाहर्ट्झ वर चालतो. चौथ्या चॅनेलला तो 101.15 वर हवा, पाचव्याला एकदम 214.15 वर. बटणामागची चकती फिरवून एवढी उडी साधत नाही. म्हणून खटका III वर नेला, की एक डायोड चालू होऊन कॉइलचा काही भाग बाद करतो. कॉइल लहान झाली की कंपने वाढतात. U वर नेला, की हा ऑसिलेटर थांबतो आणि दुसराच सुरू होतो.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्या काळच्या संचांत कटकट वाजणारी चक्री असे. ती फिरवली की प्रत्येक चॅनेलची वेगळी कॉइल जोडली जाई. 1984 पासून देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने वाढली. यवतमाळ, पुसद, वणीकडे टीव्ही घरोघरी पोचला, तोवर बटणांचे संच आले होते.

मग केबल आली. तिचे काही चॅनेल पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवले जात. जुन्या खटक्याला तो टप्पाच नव्हता. कित्येकांनी धडधाकट संच ‘बिघडला’ म्हणून मोडीत काढले. बिघाड नव्हताच, ऑसिलेटर तिथवर पोचत नव्हता, एवढेच. पुढे सगळे ऑसिलेटर एका चिपमध्ये सामावले, त्यांची अदलाबदल रिमोटच्या हुकमावर होऊ लागली आणि खटका गेला.

सरांनी तेव्हा एकच सांगितले होते, “बिघडलं म्हणण्याआधी झाकण उघडून पाहा रे.” कोणाच्या माळ्यावर तसा संच उरला असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा जरूर पाहा.