वादळात उजेड

३ जून २०२०. ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा मी श्रीवर्धनला घरातच होतो. खिडक्यांची लाकडी दारं घट्ट लावलेली, वीज गेलेली. भरदुपारी काळोख! बाहेर माड पडला की छप्पर उडालं, हे आवाजावरूनच ओळखायचं.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या लोकांनाही हा काळोख सवयीचा. वादळाची वर्दी आली, की खिडक्यांवर प्लायवूड ठोकायचं. २४ ऑगस्ट १९९२ ला ‘अँड्र्यू’ वादळ मायामीच्या दक्षिणेला धडकलं. खिडकी फुटून वारा आत घुसला, की आतून रेटा बसून छप्परच उडतं. तशी कितीतरी घरं गेली. मग १९९४ मध्ये तिथल्या बांधकाम-नियमांत कसोटी आली : चार किलोंचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगानं आदळला, तरी खिडकीनं टिकायचं.

पत्र्याच्या झडपा टिकल्या, तशी पारदर्शक काचही टिकली. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर. तडे गेले तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात. ही युक्ती मूळची फ्रान्सची. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत एक काचपात्र पडलं, तडकलं, पण विखुरलं नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळला होता!

काच महाग, म्हणून फ्लोरिडात प्लायवूड अजून खपतंच. माझ्याकडेही लाकडी दारंच आहेत.