मतपत्रिकेवरची कोरी ओळ : डेट्रॉइट, ऑगस्ट २०१३

६ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात महापौरपदासाठी प्राथमिक निवडणूक झाली. मतपत्रिकेवर उमेदवारांची भलीमोठी यादी छापलेली होती. परंतु ज्याला सर्वाधिक मते पडली त्याचे नाव त्या यादीत नव्हतेच. चाळीस हजारांहून अधिक मतदारांनी ते यादीखालच्या कोऱ्या ओळीवर स्वतःच्या हाताने लिहिले होते.

या पद्धतीला तिकडे 'राइट-इन' मत म्हणतात. मराठीत याला रूढ शब्द नाही, कारण आपल्या निवडणुकांत ही सोयच कधी नव्हती. आजचा धागा त्या कोऱ्या ओळीचा इतिहास आणि डेट्रॉइटमध्ये त्या ओळीवर लिहिलेली मते मोजताना उडालेला गोंधळ यांविषयी आहे.

आधी 'प्राथमिक निवडणूक' म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उमेदवार ठरवण्याचा अधिकार पक्षनेत्यांच्या हातून काढून मतदारांकडे देण्याची चळवळ झाली. विस्कॉन्सिन राज्याने रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने १९०३ साली तसा कायदा केला, आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. डेट्रॉइटची महापौर निवडणूक पक्षविरहित असते. तेथे प्राथमिक फेरीत सर्वांत पुढे असलेले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम लढतीत उतरतात.

कोरी ओळ मात्र याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेत सरकार मतपत्रिका छापतच नसे. पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापत, बहुधा ओळखू येईल अशा रंगाच्या कागदावर, आणि मतदार ती पेटीत टाकी. कोण कोणाला मत देतो हे चार हात लांबून दिसे. मते विकत घेणाऱ्यांना याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार? पण त्या व्यवस्थेत एक मोकळीकही होती. चिठ्ठीवरचे नको असलेले नाव खोडून दुसरे लिहिता येई, किंवा डिंक लावलेली पट्टी त्यावर चिकटवता येई.

१८८८ साली केंटकीतील लुईव्हिल शहराने आणि पाठोपाठ मॅसॅच्युसेट्स राज्याने 'ऑस्ट्रेलियन मतपत्रिका' स्वीकारली. ती सरकारी खर्चाने छापली जाई, तिच्यावर सर्व उमेदवारांची नावे असत आणि मत गुप्तपणे देता येई. सुधारणा मोठीच होती. तथापि तिच्यासोबत एक नवा प्रश्न आला, आणि मला तो मूळ सुधारणेइतकाच महत्त्वाचा वाटतो. मतपत्रिका सरकार छापणार असेल, तर तिच्यावर कोणाचे नाव येणार हेही सरकारच ठरवणार. १८९० च्या दशकात काही राज्यांच्या न्यायालयांनी याचे उत्तर असे दिले की छापील यादी ही मतदाराची सोय आहे, त्याची मर्यादा नव्हे. कोऱ्या ओळीत जुन्या चिठ्ठीची मोकळीक अशा रीतीने शिल्लक राहिली.

याची दुसरी बाजूही आहे. छापील मतपत्रिका वाचता यावी लागते. टेनेसी राज्याने १८८९ साली हीच 'सुधारणा' निवडक भागांत लागू केली, आणि त्यामागे निरक्षर मतदारांना, त्यातही कृष्णवर्णीयांना, मतदानापासून दूर ठेवण्याचा हेतू होता. कोऱ्या ओळीसाठी तर नुसते वाचून भागत नाही, लिहिताही यावे लागते.

आपल्याकडे नेमका उलटा मार्ग निवडला गेला, तो याच कारणाने. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी होती आणि तिच्यावर चिन्ह होते. मतदाराला काही लिहावे लागत नव्हते, वाचावेही लागत नव्हते. पुढे नावे व चिन्हे छापलेली मतपत्रिका आली, पण १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार मतदाराची ओळख पटू शकेल असे काहीही तिच्यावर लिहिले तर मत बाद! 'नोटा' आला तो डेट्रॉइटच्या त्या निवडणुकीनंतर जेमतेम दोन महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने तर २०१८ साली स्थानिक निवडणुकांपुरता 'नोटा'ला काल्पनिक उमेदवार मानून, त्याला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी असा आदेश काढला. तरीही 'नोटा' म्हणजे 'यांपैकी कोणी नको' एवढेच. 'मग कोण हवा' हे सांगण्याची जागा आपल्या मतयंत्रावर नाही.

अमेरिकेतही ही जागा सर्वत्र नाही. हवाई राज्यात राइट-इन मतांवर बंदी होती. एका मतदाराने तिला आव्हान दिले, आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंदी वैध ठरवली.

जेथे ही ओळ आहे तेथे तिचा उपयोग केवळ सज्जनांनीच केला असेही नाही. १९५४ साली दक्षिण कॅरोलायनातील सिनेटर निवर्तले आणि पक्षाच्या कार्यकारिणीने प्राथमिक निवडणूक न घेताच परस्पर उमेदवार नेमला. त्याविरुद्ध कोऱ्या ओळीवरून निवडून आले स्ट्रॉम थरमंड. 'उमेदवार निवडण्याचा तुमचा हक्क हिरावला गेला' हा त्यांचा प्रचार होता आणि तो बिनतोड होता. वर्णविभेदाचे देशातील अग्रणी समर्थकही तेच होते.

स्थानिक प्राथमिक निवडणुकीतील गाजलेले उदाहरण राजधानी वॉशिंग्टनचे. २००२ साली महापौर अँथनी विल्यम्स पुन्हा उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत नाव छापले जाण्यासाठी २,००० मतदारांच्या सह्या पुरेशा होत्या. त्यांच्या माणसांनी सुमारे १०,००० सादर केल्या आणि त्यांत बनावट सह्यांचा खच निघाला. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांचेही नाव त्यांत होते म्हणे! निवडणूक मंडळाने विल्यम्स यांचे नाव मतपत्रिकेवरून वगळले आणि अडीच लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावला. विल्यम्स कोऱ्या ओळीवरून लढले, प्राथमिक निवडणूक जिंकले आणि नोव्हेंबरात पुन्हा महापौर झाले. मतदारांनी त्यांना माफ केले. मी केले असते की नाही, याबद्दल मला शंका आहे.

डेट्रॉइटमध्ये बनावटगिरी नव्हती. तेथे आडवा आला होता फक्त पंधरवड्याचा फरक.

२०१३ चे डेट्रॉइट म्हणजे कोसळलेले शहर. १९५० साली तेथील लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती, ती २०१० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख १४ हजारांवर आली. पाचांतील चारांहून अधिक नागरिक कृष्णवर्णीय होते. मार्च २०१३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी शहरावर आपत्कालीन व्यवस्थापक नेमला, त्यामुळे निवडून आलेल्या महापौराच्या हाती फारसे काही उरणार नव्हते. १८ जुलै रोजी, म्हणजे मतदानाच्या तीन आठवडे आधी, शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज होते सुमारे १८ अब्ज डॉलर. आपले शहर आपण चालवतो की आपल्या वतीने दुसरे कोणी चालवते, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटकरांना रोज सतावत होता.

अशा वेळी महापौरपदासाठी उभे राहिले माइक डगन. गौरवर्णीय, वेन परगण्याचे माजी सरकारी अभियोक्ता, आणि तोट्यातील डेट्रॉइट मेडिकल सेंटर सावरल्याचे श्रेय मिळालेले प्रशासक. ते वर्षानुवर्षे लिव्होनिया या बहुसंख्य गौरवर्णीय उपनगरात राहत आणि २०१२ मध्ये शहरात राहायला आले. १६ एप्रिल २०१२ रोजी त्यांनी डेट्रॉइटचे मतदार म्हणून नोंदणी केली.

शहराची नवी सनद सांगत होती की उमेदवारी दाखल करतेवेळी उमेदवार किमान एक वर्ष शहराचा नोंदणीकृत मतदार असला पाहिजे. अर्जाची अखेरची तारीख होती १४ मे २०१३. डगन यांनी अर्ज भरला २ एप्रिलला! आणखी पंधरा दिवस थांबले असते तर वादाला जागाच नव्हती. प्रतिस्पर्धी टॉम बॅरो न्यायालयात गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात न्यायाधीशांनी डगन यांचे नाव वगळण्याचा आदेश दिला आणि आठवडाभरात अपील न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक मतांनी कायम केला. निकाल कठोर होता, पण मला तो चुकीचा वाटत नाही. सनदेचे शब्द स्पष्ट होते, आणि 'मुदत संपेपर्यंत वर्ष भरलेच असते' हा युक्तिवाद त्या शब्दांत बसत नव्हता.

डगन यांनी प्रचार थांबवत असल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच ते परतले, आता कोऱ्या ओळीचे उमेदवार म्हणून.

मिशिगनमध्ये राइट-इन मत देताना दोन गोष्टी कराव्या लागतात. नाव लिहायचे आणि शेजारची अंडाकृती जागा काळी करायची, कारण ती काळी नसेल तर यंत्राला ते मत दिसतच नाही. शिवाय कोणाचेही नाव लिहून चालत नाही. मतदानापूर्वीच्या ठरलेल्या मुदतीत त्या व्यक्तीने राइट-इन उमेदवार असल्याची नोंद केलेली असावी लागते. तेव्हा डगन यांच्या प्रचाराचा बराचसा भाग म्हणजे मतपत्रिका कशी भरावी याची शिकवणीच होती. त्यात आणखी एक गंमत घडली. मुदत संपता संपता शहरातील एका केशकर्तनकाराने राइट-इन उमेदवारी नोंदवली, आणि त्याचे नाव उच्चारात डगन यांच्या नावाशी जवळजवळ जुळणारे होते. सारख्या नावाचे उमेदवार उभे करण्याची आपल्याकडील युक्ती कोऱ्या ओळीवर अधिकच घातक ठरू शकते, कारण तेथे अक्षर मतदाराचे असते. प्रत्यक्षात त्याचा परिणाम नगण्य झाला.

मतदानाला आलेले मतदार पाचांत एकाहूनही कमी होते. आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी डगन यांचे नाव लिहिले. छापील यादीतील सर्वांत प्रबळ उमेदवार, परगण्याचे शेरीफ बेनी नेपोलियन, यांना सुमारे २८ हजार मते मिळाली. दोघेही अंतिम फेरीत जाणार हे स्पष्ट होते.

खरा घोळ त्यानंतर सुरू झाला. छापील नावाचे मत यंत्र मोजते, पण लिहिलेले नाव माणसालाच वाचावे लागते. नियमानुसार केंद्रावरील कर्मचाऱ्यांनी अशा प्रत्येक मतासाठी नोंदवहीत रेघ ओढायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आणि शेवटी बेरीज मांडायची. अनेक केंद्रांवर रेघा न ओढता थेट आकडाच लिहिला गेला. परगण्याच्या पडताळणीत अशा सुमारे वीस हजार मतांवर बोट ठेवण्यात आले. ती वगळली तर नेपोलियन पहिले आणि डगन दुसरे ठरत होते.

अंतिम फेरीतील जोडी बदलणार नव्हती, म्हणून ही बाब किरकोळ मानणारे तेव्हाही होते. मला ती तशी वाटत नाही. येथे मतदाराने सर्व काही नियमाप्रमाणे केले होते. चूक होती सरकारी वहीत, आणि तीही रेघांची. शिवाय ज्या शहराचा कारभार नुकताच राज्याच्या माणसाच्या हाती गेला होता, तेथील वीस हजार मते कारकुनी त्रुटीपायी रद्द झाली असती, तर नोव्हेंबरच्या निकालावर कोणाचा विश्वास बसला असता?

परगण्याच्या मंडळाने निकाल प्रमाणित करण्यास नकार देऊन प्रकरण राज्याकडे पाठवले. राज्याच्या यंत्रणेने वादग्रस्त केंद्रांच्या मतपत्रिका पुन्हा तपासल्या, वहीतल्या रेघांऐवजी कागदावरचे हस्ताक्षर पुरावा मानले आणि सप्टेंबरच्या आरंभी डगन यांचे पहिले स्थान कायम केले. दोन्ही डेमोक्रॅट आणि दोन्ही रिपब्लिकन सदस्य असलेल्या मंडळापुढे हे सारे झाले, याची आजच्या अमेरिकी वातावरणात मुद्दाम नोंद करावीशी वाटते.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी डगन सुमारे ५५ टक्के मते मिळवून विजयी झाले. चाळीस वर्षांनंतर डेट्रॉइटला गौरवर्णीय महापौर मिळाला. त्या दिवशी मतपत्रिकेवर त्यांचे नाव छापलेले होते.